व्हिएन्ना: जिथे गडगडाटाचा पोल्का पहिल्यांदा वाजला

व्हिएन्नात प्राटरस्ट्रासवर ५४ नंबरच्या घरात संगीतकार धाकटा योहान स्ट्राउस राहायचा. 'ब्ल्यू डॅन्यूब' ही प्रसिद्ध नृत्यधून त्याने इथेच रचली, म्हणून पर्यटक येतात. मला मात्र वेड त्याच्या झपाट्याच्या पोल्कांचं (म्हणजे जोडीने नाचायच्या धुनांचं), त्यातही 'उंटर डोनर उंड ब्लिट्झ'चं, म्हणजे 'गडगडाट आणि विजांखाली'. जेमतेम तीन मिनिटांचा, पण ढगांचा गडगडाट आणि विजांनी भरलेला!

घर पाहून मी डोनाउकनालकडे चालत गेले. या कालव्याकाठी डिआनाबाड होतं, म्हणजे चक्क बंदिस्त जलतरण तलाव. हिवाळ्यात तो झाकून त्यावर नाचाची जमीन करायचे. १६ फेब्रुवारी १८६८ ला 'हेस्पेरुस' या कलावंत मंडळाच्या बॉलमध्ये, म्हणजे नृत्यसमारंभात, हा पोल्का इथे पहिल्यांदा वाजला. आधी त्याचं नाव 'उल्का' ठेवायचं घाटत होतं म्हणे. गडगडाटच बरा! ती जुनी इमारत आता नाही. समोर रहदारी आणि नव्या इमारती. तरी माझा पाय निघेना.

संध्याकाळी एका मैफलीचं मुद्दाम बाजूचं तिकीट काढलं, तालवाद्यं नीट दिसावीत म्हणून. आणि काय सांगू, व्हायोलिनकडे माझं लक्षच गेलं नाही! टिंपनीवाल्याने (टिंपनी म्हणजे मोठे नगारे) दोन्ही काठ्यांनी घुमवायला सुरुवात केली, दुरून आभाळ भरून यावं तसा आवाज चढत गेला आणि झांजांचा कडकडाट झाला. पण खरी गंमत त्यानंतरची. वाजवणाऱ्याने झांजा लगेच छातीशी दाबल्या. टिंपनीवालाही तळहात टेकवून कातड्याची थरथर थांबवत होता. एवढ्या वेगात आधीचा नाद रेंगाळला तर नुसता गोंगाट होईल. रेकॉर्डिंगवर इतकी वर्षं ऐकूनही या पोल्काचा जीव वाजवण्याइतकाच थांबवण्यात आहे, हे मला कधी कळलं नव्हतं.

पोल्का मूळचा बोहेमियाचा, चेक लोकांचा. व्हिएन्नाने त्याला पळायला लावलं: दोन मात्रांचा ठेका तोच, पण लय अशी की जोड्यांना उसंतच नाही. मैफलीत मात्र आम्ही सगळे खुर्च्यांना खिळलेले. माझ्या मते हा अन्याय आहे, कारण हे संगीत लिहिलंय ते पायांसाठी. फाशिंगच्या, म्हणजे हिवाळ्यातल्या कार्निव्हलच्या, मोसमात व्हिएन्नात आजही शेकडो बॉल भरतात. आता तेव्हाच जायचं, आणि त्याआधी पुण्यात कुणी पोल्काची पावलं शिकवत असेल तर मला नक्की कळवा.