कॅम्परवर डिश: नऊ रात्री, सहा मुक्काम

या वेळी बाबा सोबत होते. रात्रीच्या बातम्या आणि दुसऱ्या दिवसाचं हवामान पाहिल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही, आणि आमचा बहुतेक रस्ता मोबाइलची रेंज नसलेल्या भागातून जाणार होता. म्हणून ६० सेंटिमीटरची साधी डिश, एलएनबी (डिशसमोरच्या दांडीवर बसणारा, सिग्नल पकडणारा डबा), सेट टॉप बॉक्स आणि केबलची गुंडाळी बरोबर घेतली. सहा मुक्कामांवर ती सहा वेळा उभारली आणि उतरवली. जे करताना वेळ गेला आणि जे करून वेळ वाचला, ते तुमच्यासाठी लिहून ठेवते आहे.

डिश छतावर बसवू नका, हे आधीच सांगते. मागच्या प्रवासात मी तेच केलं होतं. छताला चार भोकं पाडून पाया घट्ट बसवला, कडेनं सीलंट भरलं आणि निर्धास्त झाले. दोन पावसांत त्यातल्या एका भोकातून पाणी झिरपलं आणि आतलं प्लायवूड फुगलं. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी स्क्रू हळूहळू सैल होतात आणि वरचं सीलंट तडकतं. ज्यांना छताशिवाय पर्यायच नाही त्यांनी पायाखाली ब्युटाइल टेपचा (पाणी अडवणाऱ्या चिकट रबरी पट्टीचा) अखंड थर द्यावा, स्क्रूंची डोकी सीलंटनं पूर्ण झाकावीत आणि दर प्रवासाआधी शिडी लावून वर नजर टाकावी. छतावर सोलर पॅनल असेल तर डिशची सावली त्यावर कधी पडते तेही पाहावं. पॅनलच्या थोड्याशा भागावर सावली पडली तरी वीज बरीच कमी होते.

पण पाण्यापेक्षा मला जास्त छळलं ते गाडीच्या हलण्यानं. उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, आणि ६० सेंटिमीटरच्या डिशला आकाशाचा जेमतेम तीन अंशांचा पट्टा दिसतो. कॅम्पर उभा असतो टायर आणि स्प्रिंगांवर. आत कुणी या टोकाकडून त्या टोकाला गेलं की छप्पर कलतं आणि चित्राचे चौकोन पडायला लागतात. शिवाय गाडी थोडी जरी उतारावर लावली असेल तर डिशच्या मागच्या कोनाच्या खुणा खोट्या ठरतात, कारण त्या खांब सरळ उभा आहे असं धरूनच आखलेल्या असतात.

म्हणून या वेळी मागच्या बंपरला दोन क्लॅम्प लावून त्यांतून खांब खाली सोडला. खांबाचं बूड जमिनीवर एका फळीच्या तुकड्यावर टेकतं. वजन जमीन घेते, बंपर फक्त कडेचा आधार देतो. क्लॅम्पच्या आत रबरी पट्टी आहे, त्यामुळे गाडी किंचित हलली तरी धक्का खांबापर्यंत फारसा पोचत नाही. मागच्या कोपऱ्यांना जॅक लावले की तेवढंही उरत नाही. झाडीतल्या मुक्कामांसाठी वेगळा तिवई स्टँड आणि २० मीटर केबल घेतली होती. दोन्ही सोय ठेवल्याचा फार उपयोग झाला.

पहिला मुक्काम उघड्या पठारावर. समोर आकाश मोकळं, तरी पहिल्या दिवशी पाऊण तास गेला. दोष माझाच होता: खांबाला पाणसळ न लावताच मी डिश फिरवायला घेतली. खांब दोन अंशांनी कललेला होता. अशा खांबावर डिश डावी-उजवीकडे फिरवली की तिची वर-खालीही हालचाल होते, आणि उपग्रह हातातून निसटत राहतो. शेवटी सगळं सोडून आधी खांब सरळ केला. पाणसळ एका बाजूनं लावली, मग काटकोनात दुसऱ्या बाजूनं. पाणसळ नसेल तर दोरीला नट बांधून केलेला ओळंबाही चालतो. त्यानंतर पाच मिनिटांत चित्र आलं. बाकीच्या मुक्कामांवर पहिलं काम हेच केलं आणि एकदाही पंधरा मिनिटांच्या वर गेले नाही.

खांब सरळ झाला की डिशच्या मागच्या खुणेवर उंचीचा कोन बांधायचा. तो कोन जागेवर आणि उपग्रहावर अवलंबून असतो. उपग्रह साधारण तुमच्याच रेखांशावर असेल तर २० अक्षांशावर तो सुमारे ६६ अंश येतो, ३० वर ५५, ४५ वर ३८ आणि ६० वर फक्त २२. म्हणजे विषुववृत्तापासून दूर जाताना दर शंभर किलोमीटरला डिश अंदाजे एका अंशानं खाली आणावी लागते. चौथ्या मुक्कामापर्यंत आम्ही जवळपास चारशे किलोमीटर वर सरकलो होतो. पहिल्या दिवसाचा कोन तसाच ठेवला असता तर पहिल्या रात्री उत्तम चाललेली डिश तिथे मुकी राहिली असती. पूर्व-पश्चिम प्रवासात बदलते ती मुख्यतः दिशा, आणि एलएनबीचा पिळाचा कोन. एलएनबी त्याच्या पकडीत किती अंश फिरवायचा ते निघण्याआधीच मुक्कामानुसार वहीत टिपून ठेवा. लहरी कोणत्या दिशेत थरथरतात त्याला ध्रुवीकरण म्हणतात; तुमच्या उपग्रहाचं प्रसारण वर्तुळाकार ध्रुवीकरणाचं (म्हणजे ती दिशा गोल फिरत राहणारं) असेल तर पिळाची भानगड नाही.

नवख्या माणसाला डिशचा चेहरा पाहून फसायला होतं. या डिश ऑफसेट जातीच्या, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असलेल्या, असतात. त्या जिकडे पाहताना दिसतात त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असतात. ३८ अंशांवर लावलेली डिश जवळजवळ सरळ उभी दिसते. म्हणून डोळ्याच्या अंदाजानं वर उचलू नका, मागची खूण सांगेल ते ऐका.

दिशेसाठी होकायंत्र वापरायचं तर गाडीपासून आठ-दहा पावलं दूर जाऊन वापरा. लोखंडाजवळ सुई वाकडी जाते, आणि फोनमधल्या होकायंत्रालाही तोच त्रास. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरकही काही भागांत दहा अंशांच्या पुढे जातो. मला सूर्याची युक्ती जास्त आवडते. दिवसातल्या कोणत्या वेळी सूर्य उपग्रहाच्या दिशेला असतो हे आधी काढून ठेवते. त्या मिनिटाला सरळ उभ्या काठीची सावली बरोबर उलट दिशेला पडते. जमिनीवर ती रेघ ओढून ठेवली की संध्याकाळी निवांत डिश लावता येते.

मग शेवटचा भाग, आणि तो दोघांचा. बाबा आत टीव्हीसमोर, मी बाहेर डिशपाशी.

"बाबा, क्वालिटीचा आकडा सांगा. वरचा नको, खालचा."

"शून्य… शून्य… बारा… पंचेचाळीस… गेलं! मागे ये, मागे ये!"

वरचा स्ट्रेंग्थचा आकडा डिश चुकीच्या उपग्रहाकडे पाहत असली तरी चांगला दिसतो. एकाच वर्तुळात दोन-दोन, तीन-तीन अंशांवर शेजारी उपग्रह बसलेले असतात, आणि स्ट्रेंग्थ त्यांच्यातला फरक सांगत नाही. क्वालिटी सांगते. बॉक्सला सिग्नल ओळखायला तीन-चार सेकंद लागतात, म्हणून डिश करंगळीच्या नखाएवढी सरकवायची, थांबायचं, आकडा ऐकायचा. एकसारखी फिरवत राहिलात तर उपग्रहावरून दहा वेळा जाल आणि कळणारही नाही. चित्र आल्यावर नट आवळताना परत आकडा विचारा. आवळताना डिश हमखास थोडी सरकते.

दुसरा मुक्काम रानाच्या कडेला होता. गारव्यासाठी गाडी सावलीत हवी आणि डिश उन्हात, तेव्हा तिवई बाहेर काढली. पानांतून सिग्नल जात नाही, ओल्या पानांतून तर नाहीच. झाड किती लांब हवं याचा हिशेब सोपा आहे: डिशपेक्षा दहा मीटर उंच झाड समोर असेल, तर ५५ अंशांच्या कोनाला सात मीटर अंतर पुरतं, ३८ ला तेरा मीटर लागतं आणि २२ ला पंचवीस. जागा निवडताना मी उपग्रहाच्या दिशेला तोंड करून हात त्या कोनात वर धरते आणि बोटाच्या रेषेत फांदी येते का ते पाहते.

तिसऱ्या मुक्कामावर, नदीकाठी, सकाळी अर्धेच चॅनल लागले. बाबांना वाटलं वर्गणी संपली. कारण वेगळं होतं. सेट टॉप बॉक्स केबलमधूनच एलएनबीला वीज देतो, आणि तिच्या दाबातूनच हुकूमही देतो: १३ व्होल्ट म्हणजे एका ध्रुवीकरणाचे चॅनल, १८ व्होल्ट म्हणजे दुसऱ्या. रात्रभर दवानं भिजलेल्या गवतात दोन केबलींचा जोड पडून होता. आत पाणी जाऊन कनेक्टर गंजला होता, त्यामुळे १८ व्होल्ट वरपर्यंत पूर्ण पोचत नव्हते आणि दुसरे अर्धे चॅनल गायब. टोक कापून नवा एफ कनेक्टर (डिशच्या केबलचं आट्यांचं टोक) बसवला, वरून सेल्फ अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) गुंडाळली, आणि जोड दगडावर उचलून ठेवला. कनेक्टर बसवताना केबलच्या बाहेरच्या जाळीची एकही तार मधल्या तांब्याला शिवता कामा नये, नाहीतर शॉर्ट होतो. आणि केबल काढण्या-लावण्याआधी बॉक्स नेहमी बंद करा. सोबत चार कनेक्टर, केबल सोलायचं हत्यार आणि टेप ठेवाच. जोडच नसलेली एक सलग केबल सगळ्यात बरी. ७५ ओहमची, चांगल्या जाळीची घ्या. गाडीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी भोकाकडे न जाता झोळातून टपकून जातं.

विजेबद्दल थोडक्यात. आमचा २४ इंची टीव्ही आणि बॉक्स मिळून ४० वॅटच्या आसपास घेतात. तीन तास पाहिलं की १२ व्होल्टच्या बॅटरीतून दहा अँपिअर-तास गेले. बॉक्स १२ व्होल्टवर थेट चालणारा असेल तर इन्व्हर्टर मध्ये आणू नका.

पाचव्या मुक्कामावर वादळ आलं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ४० किलोमीटरला डिश जेवढी ढकलली जाते त्याच्या चौपट ८० ला. ताशी ८० च्या वाऱ्यात ६० सेंटिमीटरच्या डिशवर साधारण दहा किलोचा रेटा येतो आणि हलकी तिवई सहज आडवी होते. तिवईच्या मध्यातून दहा लिटर पाण्याचा कॅन लटकवला आणि तिन्ही पायांना खुंट्या मारल्या होत्या, म्हणून ती टिकली. विजा दिसायला लागल्यावर मात्र मी डिश उतरवली आणि केबल गाडीपासून सोडवली. बाबांनी आग्रह केला तरी यात माघार घेऊ नका. नुसत्या जोराच्या पावसात चित्र जातं, कारण या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि पावसाचे थेंब त्यांना शोषतात. अशा वेळी डिशला हात लावू नका. सर ओसरली की चित्र आपोआप येतं, आणि तुम्ही मधेच फिरवलेली डिश तेवढी चुकीची राहते.

शेवटच्या मुक्कामाला ऐन दुपारी, निरभ्र आकाशात, चित्र पाच-सहा मिनिटं गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, जवळजवळ त्याच वेळी. बाहेर जाऊन पाहिलं तर डिशवरून परतलेलं ऊन नेमकं एलएनबीच्या तोंडावर गोळा झालं होतं. विषुवदिनाच्या आसपासच्या काही दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागून जातो आणि त्याच्या स्वतःच्या रेडिओ-गोंगाटात सिग्नल बुडून जातो. यावर उपाय नाही आणि लागतही नाही. मला मात्र ते ऊन पाहून मनापासून आनंद झाला, कारण डिश अचूक लागल्याचा याहून चांगला पुरावा नाही. बाबांनाही बाहेर बोलावून दाखवलं.

निघतानाची एक गोष्ट राहिली. चौथ्या मुक्कामावरून केबल न काढताच मी गाडी पुढे घेतली. वेग नव्हता म्हणून फक्त कनेक्टर तुटला. तिवई ओढली गेली असती तर डिश वाकली असती. त्यानंतर डिश बाहेर लावली की लगेच लाल फडक्याची एक पट्टी स्टिअरिंगला बांधते. डिश आत, खांब आडवा, केबल गुंडाळलेली, खालची फळी उचललेली, एवढं झाल्यावरच बाबा ती पट्टी सोडतात.