तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा थोरला डबा कशाला?

भुसावळला माझ्याकडे गेमची मशिनं दुरुस्तीला येतात आणि मशीन टेबलावर ठेवता ठेवताच प्रश्न येतो, "भाऊ, निन्टेन्डोचं स्विच हातात मावतं, मग प्लेस्टेशन ५ एवढं थोरलं का?" विचारणाऱ्याला वाटतं, डबा मोठा म्हणजे आत माल जास्त.

मालाला तेवढी जागा लागत नाही हो. जागा खाते ती उष्णता. स्विच बॅटरीवर चालवायचं, म्हणून त्याची चिप मोबाइलच्या जातीची, बेतानं वीज घेणारी. प्लेस्टेशन ५ मोठा गेम चालू असताना २०० वॅटच्या आसपास ओढतं आणि त्या सगळ्याची शेवटी उष्णताच होते. ती बाहेर काढायला आत भलामोठा हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पट्ट्यांचा गठ्ठा, आणि १२ सेंटिमीटरचा पंखा. लहान पंखाही तेवढीच हवा फेकेल, पण त्याला जीव तोडून फिरावं लागेल. खान्देशात हे समजवावं लागत नाही. मोठा कूलर निवांत फिरून खोली गार करतो, छोटा नुसताच किंचाळतो.

काही मशिनं बारीक दिसतात ती चलाखीनं. २००४ चं स्लिम प्लेस्टेशन २ जेमतेम २.८ सेंटिमीटर जाडीचं. लोकांना केवढं कौतुक! पण पॉवर सप्लाय बाहेरच्या अडॅप्टरमध्ये गेलेला, टीव्हीमागे कुणाला दिसणार? प्लेस्टेशन ३ मात्र खरंच आटलं. २००६ मध्ये ५ किलोचं होतं. मुख्य चिपची आतली घडण ९० नॅनोमीटरवरून ४५ वर आली, म्हणजे आणखी बारीक झाली, वीज कमी लागू लागली आणि २००९ चं स्लिम ३.२ किलोवर उतरलं.

कधी आकार निव्वळ दिखाव्याचा. निन्टेन्डोचं जपानी फॅमिकॉम लहानसं. तेच अमेरिकेत नेताना व्हीसीआरसारखं, म्हणजे टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ कॅसेटच्या मशीनसारखं दिसावं म्हणून मोठ्या खोक्यात घातलं. आपल्या बाजारातले कॅसेटवाले स्वस्त व्हिडिओ गेम तर याहून भारी. उघडले की काळ्या डांबराच्या थेंबाएवढी चिप, बाकी पोकळ. मला ते फार आवडतात, दुरुस्तीला काही उरतच नाही.

मला विचाराल तर इथं थोरलंच मशीन घ्या. पण टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात कोंबू नका. प्लेस्टेशन ५ साठी कंपनीनं ५ ते ३५ अंश तापमान सांगितलंय, आणि मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा ४५ च्या घरात. जिनिंगजवळ राहत असाल तर पंख्यातली रुईही अधूनमधून काढून घ्या.