ठशातला फाटका पर

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, योकोहामा

काल होन्मोकूच्या धक्क्यावर मुलाच्या गळाला २३ सेंटीमीटरचा अजी लागला. अजी म्हणजे साधारण बांगड्याएवढा, इथल्या रोजच्या जेवणातला मासा. आज सकाळी आम्ही तिघांनी त्याचा ठसा काढला. या कलेला ग्योताकु म्हणतात. ग्यो म्हणजे मासा आणि ताकु म्हणजे ठसा. आज टिकून असलेला सर्वांत जुना ज्ञात ठसा १८३९ सालचा असून तो एदोच्या, म्हणजे आताच्या टोकियोच्या, किन्शिबोरी भागात पकडलेल्या फुना नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाचा आहे. तो उत्तर जपानमधल्या शोनाई संस्थानाकडचा. तिथल्या सामुरायांना गळाच्या मासेमारीचे मोठे वेड होते, आणि मासा नेमका केवढा होता हे कागदच सांगत असल्याने बढाईला वाव उरत नसे.

मीठ चोळून माशाचा बुळबुळीतपणा घालवला, कल्ल्यांत कापूस भरला आणि पर पसरून ते टाचण्यांनी थर्माकोलवर रोवले. कागद उचलून उलटवला की डोके दुसऱ्या बाजूला जाते, म्हणून ठशात ते डावीकडे यावे यासाठी मासा उजवीकडे डोके करून ठेवला. मासा नंतर खायचा असल्याने शाई माकुलाची घेतली. पहिला ठसा नुसता काळा गोळा झाला. दुसऱ्या वेळी शाई जवळजवळ पुसूनच टाकली, वाशी हा पातळ जपानी कागद टाकला आणि धाकटीने डोक्यापासून शेपटीकडे बोटांनी इतक्या हलक्या हाताने दाबत नेला की मी श्वास रोखून पाहत राहिले. कागद उचलला तेव्हा अंगावरून शेपटीपर्यंत गेलेली टोकदार खवल्यांची रांग, जी मासा साफ करताना बोटाला नेहमी टोचते, टाक्यांच्या शिवणीसारखी उमटली होती.

पाठीवरचा पर मात्र एका जागी फाटलेला दिसला. मी ती जागा कुंचल्याने भरायला निघाले, तर मुलाने माझा हात धरला. "आई, तो फाटलेलाच होता ना!" मी कुंचला त्याच्या हातात दिला. डोळा तेवढा ठशात उमटत नाही, तो हाताने काढावा लागतो; त्याने तो काढला आणि मध्ये पांढरा ठिपका सोडला.

मग त्याने ठशाखाली माशाची जात, लांबी, तारीख आणि जागा लिहिली. साक्षीदाराच्या जागी त्याने ‘आई’ असे देवनागरीत लिहिले.