अगर-अगर पेचात

रशियनमध्ये शिक्क्याला 'पेचात' म्हणतात. (खरा उच्चार 'पिचात'कडे झुकतो, पण माझ्या मराठी कानाला पेचातच ऐकू येतं.) गेल्या महिन्यात उझबेकिस्तानात, ताश्कंदमधल्या एका कचेरीत माझा माल सतरा दिवस अडकून पडला. टेबलापलीकडच्या बाई रोज विचारायच्या, "पेचात?" आणि मी मनात म्हणायचो, पुरता.

माल म्हणजे अगर-अगर, आपलं चायना ग्रास. चारशे किलो, पंचवीस-पंचवीसच्या सोळा गोण्या. ऐकायला किरकोळ, पण शंभर किलो मिठाईला ते जेमतेम किलोभर लागतं. इथे त्याचा झेफिर करतात. सफरचंदाचा गर, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक भरपूर फेसायचा, त्यात अगर घातलेला उकळता पाक ओतायचा आणि निवायच्या आत भराभर शिंपल्यासारखे गोळे पाडायचे. एक दिवस सुकले की दोन-दोन जोडून वर पिठीसाखर. सोव्हिएत काळात लागलेली गोडी, सोव्हिएत गेलं तरी गेली नाही.

आणि देश कसा, तर समुद्र गाठायला किमान दोन देश ओलांडावे लागतात. जगात असे देश दोनच, हा आणि लिख्टेनश्टाइन. नावापुरता एक अरल समुद्र होता, तोही बहुतेक आटला. तिथे मी, गुहागरचा माणूस, समुद्रातलं लाल शेवाळ विकतो. आमचा माल जावा बेटावरच्या सुराबायाहून जहाजाने चीनमध्ये छिंगदाओला उतरतो आणि पुढे रेल्वेने येतो. कझाकस्तानच्या सीमेवर कंटेनर एका गाडीवरून उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवायचा, कारण चीनचे रूळ १४३५ मिलिमीटरचे आणि इकडचे १५२० चे. आईला हे सगळं फोनवर समजावलं तर म्हणाली, "शेवाळ? आणि पैसे देऊन?" मग थोड्या वेळाने, "उपासाला चालतं का रे ते?" गंमत म्हणजे इथल्या कारखान्याच्या मालकांनी पहिल्या भेटीत मला विचारलं होतं, "हलाल आहे ना?" जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं, ते दोघांनाही नको. आईला 'विचारून सांगतो' म्हणालो, मालकांना 'हो'.

तर पेच असा. कचेरीचं म्हणणं, ही वनस्पती आहे, तेव्हा कीड-रोग नसल्याचा दाखला आणा. आमच्या धंद्यात त्याला फायटो म्हणतात. अहो, कसली कीड? ते शेवाळ तासन् तास उकळलेलं, गाळलेलं, पाणी काढून वाळवलेलं आणि पीठ होईपर्यंत दळलेलं. जन्मात मातीला लागलेलं नाही. बहुतेक जिवाणूंनासुद्धा ते पचवता येत नाही, म्हणूनच तर प्रयोगशाळेत त्याच्यावर जिवाणू वाढवतात! हे मी बाईंना सांगितलं. माझ्या मोडक्या रशियनमध्ये फॅनी हेसेची गोष्टही सांगितली. १८८१ च्या सुमारास जर्मनीत जिवाणूशास्त्रज्ञ कोखच्या प्रयोगशाळेत जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं, जिवाणूही त्याचं पाणी करायचे. तेव्हा तिथे काम करणाऱ्या हेसेंना त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरातलं अगर सुचवलं. तिला ते जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून माहीत झालेलं. "त्याच जावाचा माल आहे हा," मी म्हणालो, जणू तो दाखलाच.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. पियाल्यात अर्धा चहा ओतून पुढे केला. इथे पाहुण्याला अर्धाच चहा देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. जितका कमी तितका मान. मग म्हणाल्या, "छान. स्प्राव्का?" स्प्राव्का म्हणजे दाखला.

असे सतरा दिवस. दाखला इंडोनेशियातून आणायचा तर माल निघण्याआधीच तपासायला हवा होता, आणि माल तर इथे येऊन पडलेला. म्हणजे मिळणारच नाही असा कागद आणायचा. मी घरी येऊन बायकोला रोज ऐकवायचो, आपल्या न्हावा-शेव्याला हे असं झालं नसतं. आठव्या दिवशी ती म्हणाली, "तिथे अडकला होतास तेव्हा म्हणायचास, परदेशात असं होत नाही." ते वेगळं होतं. शिवाय तिथे निदान मराठीत भांडता येतं.

आता सांगायला हरकत नाही. बिलावर मालाचा जकातीचा कोड बरोबर होता, १३०२ ३१, म्हणजे अगर-अगर. वर्णनात मात्र मी 'वाळवलेल्या सागरी शेवाळाची पूड' असं लिहून घेतलं होतं, गिऱ्हाइकाला नैसर्गिक वाटावं म्हणून. शेवाळाचा कोड वेगळा, १२१२ मधला, आणि शेवाळ म्हटलं की फायटो आलाच. हे मला ब्रोकरने नाही, बाईंनीच दाखवलं. सोळाव्या दिवशी त्यांनी त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि पुरवठादाराकडून दुरुस्तीचं पत्र मागवायला सांगितलं. सोबत आमच्या मालाचा प्रयोगशाळेचा अहवाल. म्हणजे चूक माझी. तरी माझं म्हणणं कायम आहे, आकडा बरोबर होता, आकडा वाचायला काय हरकत होती?

इतके दिवस कारखाना पेक्टिन घालून मार्मेलाडच्या वड्या काढत बसला होता. तिथल्या टेक्नोलॉग बाईंना मी आपा म्हणतो, म्हणजे ताई. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, फक्त रोज हसायच्या. उझबेकमध्येही 'अगर' म्हणजे 'जर', आपल्या हिंदीतल्यासारखंच. "अगर अगर-अगर आलं, तर झेफिर," म्हणायच्या. मी त्यांना सांगितलं, आमच्या गावाकडे आगर म्हणजे नारळी-पोफळीची वाडी. त्यांनी नारळाचं झाड कधी पाहिलेलं नाही.

सोळाव्या दिवशीच दुपारी पत्र आलं, सतराव्या दिवशी शिक्का पडला. कारखान्यात आपांनी पहिली गोणी उघडली, पाण्यात चिमूटभर पूड उकळली आणि बशीत ओतून नुसती टेबलावर ठेवली. फ्रीज लागत नाही, चाळीसच्या खाली उतरलं की आपसूक धरतं, आणि एकदा धरलं की पंच्याऐंशीपर्यंत वितळत नाही. त्यांनी बशी उलटी केली, वर अंगठा दाबला. थरथरलं, पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत झेफिरचा डबा घेऊन गेलो. बाईंनी डबा माझ्याकडे परत सरकवला, नियम आहे म्हणाल्या. पण चहा ओतला. काठोकाठ, अगदी सांडेल इतका. इथे भरला पियाला समोर आला की समजायचं, प्या आणि निघा.