तुम्ही विचारलंत म्हणून: खत कुठलं घालता?

घरी आलेलं माणूस झाडं बघायला गेलं की प्रश्न ठरलेला, "खत कुठलं घालता हो?" विकतचं काहीच नाही म्हटलं की समोरच्याला वाटतं ही काहीतरी लपवतेय. अहो, फुटकी बादली, भाजीची सालं आणि वाळका पाला, एवढंच आहे ते.

फक्त सालं थेट कुंडीत टाकू नका. केळ्याचं साल मातीत खुपसा म्हणून जो तो व्हिडिओ सांगतो, पोटॅशियम असतं त्यात, नाही असं नाही, पण एका सालात असून असून किती असणार, आणि ते कुजेपर्यंत चिलटं मुक्कामाला येतात ती वेगळीच. अंड्याची टरफलं पण अख्खी टाकली तर वर्ष उलटलं तरी तशीच सापडतात, म्हणून वाळवून मिक्सरमधून पूड करायची, तरी कॅल्शियम सावकाशच सुटतं.

म्हणून आधी बादली. तळाला आणि बाजूंना भोकं पाडायची, खाली फाडलेला पुठ्ठा, मग एक मूठ ओला कचरा की वर दोन-तीन मुठी सुकं काहीतरी, पाला, वर्तमानपत्राचे तुकडे, अंड्यांचा ट्रे, काहीही चालतं. लोक चुकतात ते इथेच, नुसतीच सालं भरत राहतात आणि मग वास येतो म्हणून सगळंच फेकून देतात. वास येतो कारण आत हवा खेळत नाही, सुकं वाढवा, काठीने खालीवर करा, दोन-चार दिवसांत जातो. मुठीत दाबून बघायचं, पिळलेल्या स्पंजइतकी ओल हवी, पाणी ठिबकलं तर जास्त झालं. तेलकट, खारट, शिजवलेलं काही नको. चहाचा चोथा चालतो पण दूध-साखर असेल तर धुऊन, नाहीतर मुंग्या.

दोन-तीन महिन्यांनी, थंडीत अजून उशिरा, काळंभोर होतं आणि साल कुठलं नि देठ कुठला ते ओळखू येत नाही. त्याआधी घाई नको, अर्धवट कुजलेलं घातलं की ते कुजताना मातीतलाच नायट्रोजन ओढतं आणि पानं पिवळी पडतात. तीन भाग मातीला एक भाग पुरे.

कुंड्या म्हणाल तर डबे, तेलाचे कॅन, काय वाट्टेल ते, खाली भोक असलं म्हणजे झालं. तळाला खडे घालायची गरज नाही, त्याने निचरा वाढत नाही, उलट मुळांची जागा जाते.

आणि रोपं? पातीच्या कांद्याची मुळं ठेवून बुडखे पाण्यात ठेवा, पुन्हा पात येते. टोमॅटो तर या खतातून न लावताच उगवतात, कारण एवढीशी बादली फारशी तापत नाही आणि बिया जगतात. मी ती उपटत नाही, उचलून वेगळी लावते. आधीचा टोमॅटो हायब्रिड असेल तर फळ तसंच येईल याची खात्री नाही, पण फुकटच्या रोपाला कशाला नावं ठेवायची!