आजोबांच्या नावातला ‘ण’

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम माझ्या छापखान्याकडे आलं, तेव्हा मजकुराच्या गठ्ठ्यासोबत मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप होता, ‘तुम्हीही दोन पानं लिहा.’ गेली तीसेक वर्षं मी दुसऱ्यांचं लिहिलेलंच छापत आलो. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, पावतीपुस्तकं आणि आता फ्लेक्स. स्वतःचं लिहायचं म्हटल्यावर एकच विषय समोर आला. ज्या गोष्टीवर माझं घर चालतं ती मला याच शाळेत मिळाली. शब्द नीट लिहायची सवय.

आम्ही आठवीत असताना मराठीला नवे सर आले. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं : तूर, गूळ, वीज, विहीर, जमीन, पीक. मग विचारलं, यातलं कोणाच्या घरी काय काय आहे? सगळा वर्ग हात वर करून उभा. आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडची शेतकऱ्यांची पोरं, वीज सोडली तर बाकी सगळं बहुतेकांकडे होतं. सरांनी प्रत्येक शब्दासमोर दुसरा शब्द लिहिला : तुरीचे, गुळाचा, विजेचा, विहिरीत, जमिनीला, पिकावर. “पाहा बरं, काय बदललं?” कोणाला सांगता येईना. तेव्हा सर म्हणाले, “बैलाच्या खांद्यावर जू ठेवलं की त्याची मान खाली होते का नाही? तसंच शब्दाला प्रत्यय लागला की त्याची वेलांटी, त्याचा उकार आखूड होतो.” मागून एकानं विचारलं, “मग कापूस, सर?” सरांनी ‘कापसाचा’ लिहिलं आणि म्हणाले, इथे तर उकार पुरताच गेला.

उपान्त्य, सामान्यरूप हे शब्द आम्हाला त्यानंतर कितीतरी दिवसांनी कळले. पण बैलाची मान तेव्हाच डोक्यात बसली. पाणीपुरवठ्याच्या फलकावर ‘विहीरीचे’ दिसलं की आजही मला ती जुवाखाली न वाकलेली मान दिसते आणि मी थांबतो.

दुसरी गोष्ट हाताच्या पंजाची. वर्गातले निम्मे जण ‘शुद्ध’ हा शब्दच ‘शुध्द’ असा लिहायचे, ध अर्धा आणि द पूर्ण. सरांनी सगळ्यांना तळहात तोंडासमोर धरायला लावला. “द म्हणा.” हाताला काही लागलं नाही. “ध म्हणा.” हवेचा फटका बसला. “आता बुद्धी म्हणा. फटका कधी बसतो?” शेवटी, एकदाच. “म्हणजे आधी द, मग ध. आधी अडवायचं, मग सोडायचं.” चाळीस पोरं तोंडासमोर हात धरून बुद्धी, शुद्ध, श्रद्धा, युद्ध म्हणत होती, आणि शेजारच्या वर्गातले गुरुजी काय चाललंय ते पाहायला दारात आले होते. माझ्याकडे श्रद्धांजलीचा मजकूर येतो तेव्हा दहातल्या सहा-सात कागदांवर ‘श्रध्दांजली’ असतं. मी न विचारता दुरुस्त करतो. गेलेल्या माणसाच्या फोटोखाली चुकीचं अक्षर जाऊ द्यायला माझा हात धजत नाही.

सरांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता, शुद्धलेखनाचे १८ नियम. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनानं १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चार आले, हे आम्हाला त्या कागदावरून कळलं. त्याआधीची माणसं ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ लिहायची. सर म्हणायचे, “तुमच्या आजोबांच्या पत्रात ‘नाव’वर टिंब असेल तर हसू नका. त्यांच्या काळी ते बरोबर होतं.” नियम माणसांनी ठरवलेले असतात आणि माणसं ते बदलतात, हे त्यांनी लपवलं नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचे अपवाद मुलांना जड जातात. फूल दीर्घ आणि गुण ऱ्हस्व का, हे ज्याच्या कानावर संस्कृत कधी पडलं नाही त्यानं कसं ओळखावं? तिथे थोडी सूट मिळाली तर मला आनंदच होईल. पण ‘महत्त्व’मध्ये दोन त आहेत, कारण तो ‘महत्’ला ‘त्व’ लागून झालेला शब्द आहे. हे एकदा सांगितलं की पाचवीतल्या मुलालाही कळतं. तिथे सूट कशाला?

आता बोलीचं. एकदा तपासणीला आलेल्या पाहुण्यांसमोर एका मुलानं धडा वाचताना ‘पानी’ म्हटलं. पाहुणे हसले, आणि त्यांच्यामागून आम्हीही हसलो. पाहुणे गेल्यावर सरांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. ते म्हणाले, “घरी पानीच म्हणा. शायेत जातो म्हणा, डोया दुखते म्हणा. मायसोबत तिच्याच बोलीत बोला. मराठीतला पहिला गद्यग्रंथ, लीळाचरित्र, १३ व्या शतकात म्हाइंभटांनी इथंच ऋद्धिपूरला लिहिला. आपली बोली कोणापेक्षा उणी नाही. मात्र कागदावर ‘पाणी’ लिहा, कारण कागद तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाच्या हातात जाणार आहे.”

त्यांच्या या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला दहावीच्या वर्षी कळला. आजोबा वारले आणि शेत वडिलांच्या नावावर करायचं होतं. तेव्हा दिसलं की सातबाऱ्यावर आजोबांच्या नावातल्या ‘ण’चा ‘न’ झाला आहे. बाकीच्या कागदांवर ‘ण’, इथे ‘न’. दोन नावं, म्हणजे दोन माणसं. फेरफार अडला, फेरफारामुळे सोसायटीचं पीककर्ज अडलं, आणि मृग लागला तेव्हा घरात बियाण्याला पैसा नव्हता. आईनं पाटल्या गहाण ठेवल्या.

वडील कागदांची पिशवी घेऊन शाळेत आले. व्हरांड्यात उभे राहून सरांना म्हणाले, “म्या तं नाव बराबरच सांगतलं होतं, सर.” वडिलांना वाटत होतं, आपल्या तोंडून नाव चुकीचं गेलं. सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाले, “भाऊ, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही आपल्या बोलीत सांगितलं. ज्यानं लिहून घेतलं त्यानं विचारायला पाहिजे होतं.”

अर्ज सरांनीच लिहून दिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम १५५ अशाच चुकांसाठी आहे. ‘लेखनप्रमाद’ हा शब्द मी पहिल्यांदा त्या अर्जात वाचला. सोबत पुरावा हवा होता. तो निघाला गावच्या प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत. आजोबा दुसरीपर्यंत शिकले होते. कुण्या जुन्या गुरुजींनी बोरूनं त्यांचं नाव लिहिलं होतं आणि त्यातला ‘ण’ ठसठशीत होता. त्यांनाही आजोबांच्या बापानं नाव ‘न’नंच सांगितलं असणार. त्यांनी ऐकलं एक आणि लिहिलं बरोबर. दुरुस्ती व्हायला दिवाळी उजाडली. त्या गुरुजींचं नाव घरात कोणाला माहीत नाही, पण त्यांच्या एका अक्षरामुळे आमचं शेत आमच्या नावावर आहे.

हल्ली मजकूर मोबाइलवर येतो. त्यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते गळून पडलेलं टिंब : ‘मी सांगितल’, ‘तुझ काम झाल’, ‘पैसे दिल्याच लक्षात आहे’. जुन्या नियमांनी काढलं ते टिंब वेगळं. हे आपल्या बोलण्यात ऐकू येतं. ‘वचन दिलं’ आणि ‘वचन दिल’ यांत काय फरक पडतो ते मोठ्यानं वाचून पाहावं. तेवढा वेळ लोक देत नाहीत याचं मला वाईट वाटतं. फ्लेक्सवर ‘हार्दीक’ आणि ‘विद्यार्थीनी’ तर रोजचंच झालं आहे. मी दुरुस्त करतो. कधी गिऱ्हाईक म्हणतं, आम्ही लिहिलं तसंच ठेवा. मग मी त्यांना बसवून, चहा सांगून समजावतो. बहुतेक जण ऐकतात.

या स्मरणिकेच्या शेवटी पन्नास वर्षांच्या सगळ्या विद्यार्थ्यांची नावं आहेत. टाइप केलेल्या यादीवर विसंबायला माझं मन होईना, म्हणून शाळेची नोंदवही मागवली. नववीतल्या दोन मुली तीन संध्याकाळ माझ्यासोबत छापखान्यात बसल्या. एक प्रूफ मोठ्यानं वाचायची, दुसरी नोंदवहीत ओळीवर बोट ठेवायची. तिसऱ्या दिवशी पहिलीनं एक नाव वाचलं, तिच्या घरी म्हणतात तसं, ‘न’ लावून. प्रुफातही ‘न’च होता. दुसरीचं बोट थांबलं. “काका, इथं ण आहे.”

मी चष्मा पुसून पाहिलं. ण होता. प्रुफात लाल पेनानं ण केला आणि आम्ही पुढच्या नावाकडे गेलो.