‘नॉर्मल’ रिपोर्टनंतरचे सात आठवडे : अन्ननलिकेच्या तपासण्यांचा माझा अनुभव

एंडोस्कोपीचा, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तेव्हा घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र रडले. कारण त्याच संध्याकाळी चहाचा घोट छातीच्या मधोमध अडकला आणि बेसिनशी धावावं लागलं. दुर्बिणीला काही दिसलं नाही, मग हे काय होतं?

सुरुवात ज्वारीच्या भाकरीने झाली. घास अडकायचा, मी पाणी पिऊन तो ढकलायची. महिन्याभरात पाणीही अडकायला लागलं. रात्री झोपेत न पचलेला भात तोंडात यायचा, खोकल्याने जाग यायची. आठ महिन्यांत वजन ५८ वरून ४९ वर आलं. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, त्या बदलून दिल्या, शेवटी “टेन्शन घेऊ नका” म्हणाले. फक्त घट्टच अडकतं की पातळही, हे एकदाही कुणी विचारलं नाही. निदानाचा धागा तर तिथेच होता! आधी भाकरी-पोळी, मग मऊ भात, मग पातळ अशी अडचण वाढत गेली, तर नळी कुठेतरी अरुंद होत असल्याची शंका घेतात. घट्ट आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासून, किंवा माझ्यासारखं लवकरच, अडकायला लागलं असेल, तर नळीच्या हालचालीत दोष असू शकतो. दुर्बिणीतून नळीचं अस्तर नीट दिसतं, पण घास पुढे सरकवणारी लाट आणि खालच्या झडपेचं उघडणं मोजता येत नाही. म्हणून त्या ‘नॉर्मल’ शब्दावर थांबू नका, एवढं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

पुण्यातल्या पोटविकारतज्ज्ञांनी बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं पांढरं औषध, पाजून एक्स-रे काढले. वर फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती होत गेलेली अन्ननलिका त्यात मलाही दिसली. “अकॅलेशिया वाटतोय, म्हणजे खालची झडप नीट सैल होत नाही. पण मॅनोमेट्री, म्हणजे नळीतला दाब मोजायची तपासणी, करून खात्री करू,” ते म्हणाले.

आणि इथे मी अडकले. त्या रुग्णालयात मशीन होतं, पण त्याची नळी दुरुस्तीला गेली होती. “पुढच्या सोमवारी फोन करा.” सोमवारी केला. “अजून आली नाही.” असे चार सोमवार गेले. मी पेज, ताक आणि डाळीच्या पाण्यावर होते. शाळेत पाचव्या तासाला फळ्याला टेकून उभी राहायचे. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, “ताई, पाणीसुद्धा उतरत नाहीये हो.” उत्तर आलं, “ही अर्जंट तपासणी नाही.” ते वाक्य आठवलं की आजही हात थरथरतात. पाणी उतरत नाही हे अर्जंट नसेल, तर दुसरं काय असतं?

पाचव्या आठवड्यात तारीख मिळाली. पहाटेच्या एसटीने कराडहून निघालो, उपाशीपोटी पोचलो. आत गेल्यावर विचारलं, “बीपीची गोळी कोणती?” अॅम्लोडिपिन. त्या गोळीने झडपेचा दाब कमी दाखवला जाऊ शकतो, म्हणून तपासणी होणार नाही म्हणाले. फोनवर हे कुणीच सांगितलं नव्हतं! आमच्या यांनी आवाज चढवला, मी त्यांचा हात धरून बाहेर आणलं आणि जिन्यातच बसले. पुढची तारीख आणखी दोन आठवड्यांनी. म्हणून तारीख घेतानाच तुमच्या सगळ्या गोळ्या वाचून दाखवा, कोणती कधी थांबवायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, मनाने थांबवू नका. किती तास उपाशी राहायचं आणि आदल्या दिवशी फक्त पातळ घ्यायचं का, हेही विचारा. कारण अकॅलेशियात जुनं अन्न नळीत साचून राहतं.

प्रत्यक्ष तपासणीला जेमतेम वीस मिनिटं लागली. नाकातून बारीक नळी जाताना डोळ्यांत पाणी येतं, उमासे येतात. झोपवणारी भूल देत नाहीत, कारण गिळायचं आपल्यालाच असतं. मग ५ मिलीलीटर पाण्याचे दहा घोट. दर घोटाला पडद्यावर रंगांचे पट्टे उमटत होते. झडप सैलच होत नव्हती. अकॅलेशिया, टाइप २. आजाराचं नाव कळल्याचा एवढा आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं. मी खोटं सांगत नव्हते, हे त्या पट्ट्यांनी सिद्ध केलं.

पुढे पोएम झालं. यात तोंडातून दुर्बीण घालून झडपेचा स्नायू आतून कापतात. जपानच्या डॉ. हारुहिरो इनोऊए यांनी २००८ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णावर केलं. फुग्याने झडप ताणणं आणि हेलर शस्त्रक्रिया (पोटाच्या बाजूने झडपेचा स्नायू कापणं) हेही पर्याय मला समजावले होते. पोएमनंतर बऱ्याच जणांना आम्ल वर येतं, म्हणून पित्ताची गोळी आता खरंच घ्यावी लागते.

एक सांगायचं राहिलं. एंडोस्कोपीत अस्तर चांगलं दिसलं तरी बायॉप्सी, म्हणजे तपासायला अस्तराचा छोटा तुकडा, घेतली का, हे विचारा. इओसिनोफिलिक इसोफेजायटिस नावाच्या अॅलर्जीसारख्या आजारात अस्तर वरून ठीक दिसू शकतं, दोष तुकडा तपासल्यावरच कळतो. पण एंडोस्कोपीच टाळू नका. विशेषतः पन्नाशीपुढे गिळायला त्रास व्हायला लागला आणि वजन घटत असेल तर कर्करोग नाही ना, हे आधी पाहावं लागतं. आणि घास अडकून स्वतःची लाळही गिळता येईनाशी झाली, तर सोमवारची वाट बघू नका, त्याच रात्री रुग्णालय गाठा.